आहेरातलं जहाज

आमच्याकडे लग्नात आहेर माईकवरून पुकारतात. अमक्याकडून नवरदेवाला टोपी-उपरणं, तमक्याकडून स्टीलचा हंडा, हे मंडपातल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर देणाऱ्याला दिल्यासारखंच वाटत नाही. आमच्या लग्नात, सुरतेत नवागामच्या गल्लीतल्या मंडपात, माझ्या नवऱ्याच्या शेठनं स्वतः माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की आमच्या मेहताजींना आणि त्यांच्या वहूला माझ्यातर्फे मुंबई-गोवा जहाजाची सफर, हनिमून सगळा आमच्याकडून. टाळ्या पडल्या. सासूबाईंनी मागून माझा खांदा एवढा दाबला की पदराची पिन आत रुतली. शेठ मला त्या घटकेला देवमाणूस वाटला. हे लिहितानाही राग येतो.

माझे वडील बमरोलीला लूम चालवायचे. त्यांच्या आणि आईच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली. मराठी शाळा संपल्यावर पुढचं सगळं गुजरातीत शिकले, अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले. पत्रिकेत माझ्या नावापुढे बी.ए. छापायचं प्रेसवाला विसरला, तर वडिलांनी अख्खा गठ्ठा त्याच्या टेबलावर परत टाकला आणि पुन्हा छापून घेतला. नवरा मॅट्रिक. रिंग रोडच्या मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानात हिशेब लिहायचा. अशा माणसाला सुरतेत मेहताजी म्हणतात. अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. मला आवडला होता. माझ्यापेक्षा कमी शिकलेला म्हणून मी कधी नाक मुरडलं नाही, आणि त्यानंही माझ्या डिग्रीला कधी टोमणा मारला नाही.

घर एका खोलीचं. सासूबाई, दोन दीर आणि आम्ही. रात्री मध्ये दोरी बांधून त्यावर जुनी साडी टाकायची, तीच आमची भिंत. पलीकडे धाकट्या दिरानं कूस बदलली तरी आम्ही श्वास धरून पडायचो. त्यामुळे समुद्राचं मला काही कौतुक नव्हतं. समुद्र डुमसला पाहिलेला, काळ्या वाळूचा, टमाट्याच्या भज्यांचा. मला हवं होतं ते जहाजावरच्या खोलीचं दार, आतून कडी लागणारं. दोन रात्री ते दार आमचं असणार होतं. त्यासाठी मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला, पहिलाच. लग्न झालेल्या बाईनं आमच्या गल्लीत ड्रेस घालायचा नाही, पण सासूबाईंनी परवानगी दिली. जहाजावर चालतं, म्हणाल्या, जशा काही दरवर्षी जहाजानं जातात. गल्लीत जी भेटेल तिला सांगायच्या, “मन्ही सून जहाजमा जाई राहयनी.”

मुंबईच्या बंदरावर पोचलो तर तिथे शेठचं सगळं खटलं उभं. शेठ, शेठाणी, शेठाणीची म्हातारी आई, दोन सुना, त्यांची पोरं आणि बाहेरगावचे तीन-चार व्यापारी बायकांसकट. सूत विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं शेठला ही सफर बक्षीस दिली होती. त्यातली दोन तिकिटं उरली, तोच आमचा आहेर. माईकवर एवढं काही सांगितलं नव्हतं.

केबिन चार-चार बर्थच्या. शेठाणीनं तिथल्या तिथे वाटणी केली, लेडीज इकडे, जेन्ट्स तिकडे. मी शेठाणी, तिची आई आणि एका नातीबरोबर. माझा नवरा शेठबरोबर. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सामान मोजत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तो म्हणाला, दोनच रात्री तर आहेत. मला त्या दोनच रात्री हव्या होत्या, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कानाची पाळी लाल झाली होती त्याची. पण शेठनं हाक मारली तसा तो साड्यांच्या सॅम्पलची पेटी उचलून चालू लागला. सॅम्पलची पेटी, हनिमूनला.

आत डिझेलचा आणि फिनाईलचा वास. जहाज हलायला लागलं तसे डबे उघडले गेले. थेपले, खाखरे, सुखडी, लोणची, चहाचा मसालासुद्धा घरून आणलेला. शेठाणीनं डब्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, तुझ्याकडे राहू दे बेन, तू हुशार आहेस. माझ्या हुशारीचा तेवढाच उपयोग तिला दिसला. मग कुणाला काय हवं ते मी द्यायचं, डबे पुसायचे, झाकणं लावायची. सुना डेकवर फोटो काढायला गेल्या आणि जाताना पोरं माझ्याजवळ सोडून गेल्या, “जरा जो जे ने”, जरा लक्ष ठेव, म्हणून. त्यांतलं एक पोर माझ्या नव्या ड्रेसवर ओकलं. नंतर मलाही बोट लागली, तेव्हा शेठाणीनंच मला लिंबू चाटायला दिलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. प्रेमानं केलं, नाकारत नाही. गोठ्यातली गाय आजारी पडली असती तरी एवढंच प्रेमानं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी गोवा. मला वाटलं, चला, निदान हा दिवस आपला. शेठनं नवऱ्याला आणि पेटीला घेऊन गावातल्या एका साडीवाल्याकडे जायचं आधीच ठरवलं होतं. बाकीचे वाळूवर गेले. म्हातारीचे गुडघे धरले होते, ती जहाजावरच थांबली आणि तिच्याजवळ कुणीतरी हवं. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायचीही कुणाला गरज वाटली नाही. मी कठड्याशी उभी राहून लांबून नारळाची झाडं पाहिली. गोव्याची वाळू पांढरी की पिवळी, मला आजही सांगता येणार नाही. म्हातारी बिचारी बोलायला चांगली होती. तिनं विचारलं, तू किती शिकलीस? मी सांगितलं. ती म्हणाली, मग तू इथे काय करतेस? सगळ्या प्रवासात मला विचारण्यासारखा प्रश्न तेवढ्या एका बाईनं विचारला.

परतीच्या संध्याकाळी डेकवर टेबलं जोडून सगळे जेवायला बसले. जहाजाचे वाढपी होते, पांढरे हातमोजे घातलेले. मी आणि माझा नवरा पहिल्यांदाच शेजारी बसलो होतो. जेवणं होत आली तशी शेठाणीनं मला खूण केली, पोरांच्या थाळ्या उचल म्हणून. हातमोजेवाला तिथेच उभा होता. मी म्हटलं, त्याला सांगा ना, त्याचं काम आहे. आवाज चढवला नाही. गुजरातीतच बोलले, नीट.

मग शेठ हसून माझ्या नवऱ्याला म्हणाला, “मेहताजी, तमारी वहू तो बहु भणेली छे. थाळी उपाडे तो डिग्री मेली थई जाय.”

शिकलेली बाई, थाळी उचलली तर डिग्री मळेल. सगळे हसले. व्यापारी हसले, सुना हसल्या, पोरं काही न कळता हसली. आणि माझा नवरा हसला. दात दाखवून, शेठकडे बघत. हसतच उठला आणि थाळ्या उचलायला लागला.

मी त्याच्याशी सुरत येईपर्यंत बोलले नाही.

घरी पोचलो तर सासूबाईंनी गल्लीतल्या बायका गोळा करून ठेवलेल्या. चहा उकळत होता. कसं व्हतं व जहाज, सांग ना. नवरा दाराशी बसून बूट काढत होता. त्यानं मान हलवून मला खुणावलं, नको. मी सांगितलं. लेडीज-जेन्ट्स सांगितलं, डबे, ओकारी, म्हातारीचे गुडघे, थाळ्या, सगळं. घरच्या अहिराणीत सांगितलं, म्हणजे कुणाला अर्धवट कळायला नको. फक्त तो हसला, ते गाळलं. ते आम्हा दोघांतलं होतं.

बायका चहा अर्धा टाकून उठल्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्या मुलाकडे वळल्या. “तू तठे काय करी राहयंता रे?”

तो काढलेले बूट भिंतीशी सरळ लावत राहिला. नंतर नळावर पाणी भरताना माझ्याजवळ आला आणि म्हणाला, शेठ आहे तो. उद्या दुकानात त्याच्याच गादीवर बसून हिशेब लिहायचे आहेत मला. मी काय करायला हवं होतं?

मी म्हटलं, “हसायला नको होतं.”

नोकरी सोडा असं मी म्हटलं नाही. दिरांची शिक्षणं त्याच पगारावर चालली होती, एवढं अर्थशास्त्र मला येत होतं. शेठशी भांडा असंही म्हटलं नाही. न हसायला काही लागत नाही. तो रोज दुकानात जायचा, मी घरी ट्यूशन सुरू केल्या, आणि आमच्यातलं बोलणं मीठ-पिठापुरतं राहिलं. मधली साडी टाकायची गरजही पडेनाशी झाली.

काही महिन्यांनी मी पर्वत पाटियाच्या नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी गाडी थांबली. आत शेठाणी. काच खाली करून म्हणाली, काय गं, आता तू फार मोठी झालीस. मला काही कळेना. मग तिनंच सांगितलं, हिंदी-गुजराती मिसळून, चांगलं तिखट लावून. त्यांच्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण होतं. शेठनं मेहताजींना सांगितलं, वहूला दोन दिवस आधी पाठव, हाताखाली होईल. तर मेहताजींनी शेठला तोंडावर नाही म्हटलं. “कहे, मारी वहू ग्रॅज्युएट छे, कामे नहीं आवे. आमंत्रण आपशो तो आवशे.”

कामाला येणार नाही, आमंत्रण द्याल तर येईल. तिनं हे टोमणा म्हणून सांगितलं. आमंत्रण अर्थातच दिलं नाही. गाडी निघून गेली.

घरी आले तर तो पाय धुऊन भिंतीला टेकून बसला होता. ही गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती, त्या दिवशीही नाही. मी ताट वाढलं. बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी दुसरी पोळी न विचारता वाढली. पण हे वाक्य त्याला येत होतं. एवढं सरळ, एवढं नेमकं. मग ते डेकवर, सगळ्यांच्या देखत, हातमोजेवाल्याच्या देखत का नाही आलं? दुकानात ते एकट्या शेठनं ऐकलं. हसले होते ते सगळे.

त्या संध्याकाळी नाही विचारलं. पुढे कित्येकदा विचारलं, भांडताना आणि न भांडतानाही. तो म्हणतो, अगं, बोललो ना मी शेवटी.

शेवटी, मी म्हणते.