खसच्या बाटलीतलं हिरवं पाणी

मी मामांकडेच वाढले, अक्षरं गिरवली ती पत्रकांवर. चोपड्याजवळच्या मामांच्या गावचं दारूबंदी मंडळ दर सणाला एक पत्रक काढतं. पिणाऱ्याला कसं लाजवावं ते त्यात सविस्तर असतं. पडलेल्या माणसाला कसं वाचवावं, यावर एक ओळ नसते. मामा या मंडळाचे जुने सभासद. सुपारीसुद्धा न खाणारे.

गेल्या उन्हाळ्यात ते दुपारी केळीच्या बागेतून घामाघूम होऊन आले. ओसरीवर खस सरबताची बाटली होती. मामेभावाने तिच्यात ट्रॅक्टरच्या रेडिएटरसाठी सुटं कूलंट आणून ठेवलेलं. आमच्याकडे डिझेल, फवारणीचं औषध, कूलंट, सगळं सरबताच्या बाटलीतच राहतं. जुनं लेबल काढायचे कष्ट कोण घेणार? रंग हिरवा, चव गोड. मामांनी माठातल्या पाण्यात मिसळून पेलाभर घेतलं.

थोड्या वेळाने त्यांचा तोल जायला लागला, जीभ जड झाली. मंडळाचे अध्यक्ष शेजारीच राहतात. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांनी उंबऱ्यावरूनच निकाल दिला, "पेयेल शे. दार लोटी ल्या. निजू द्या, उतरी जाई."

"आबा, तोंडाला वास नाही," मी म्हणाले.

"आजकाल बिनवासनी बी मिळस."

जन्मात दारूला न शिवलेल्या माणसाचं दारूविषयीचं ज्ञान पाहा!

आणि घरच्यांनी खरंच दार लोटलं. मामा आत ओकत होते, धापा टाकत होते. बाहेर काळजी एकच, गावाला कळू नये. शेवटी मामीनेच तो पेला उचलला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "हाई सरबत नही शे!"

जळगावच्या दवाखान्यात तिने बाटली डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली, आत काय होतं ते मामेभावाने सांगितलं. आबाही आले होते, मंडळाची अब्रू सांभाळायला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कूलंटचं यकृतात आम्ल होतं, ते मूत्रपिंडं जाळतं. यावरचं खास इंजेक्शन आत्ता हाताशी नाही. पण यकृत दारू आधी पचवायला घेतं. तिच्यात ते गुंतलं की विष तसंच राहतं, आणि तेवढ्यात डायलिसिसने आम्ही ते बाहेर काढतो. नळीतून मोजून दारू द्यावी लागेल."

आबा ताडकन उठले. "मंडळाच्या सभासदाला दारू? लोकांना काय तोंड दाखवू?"

मामी त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. ती म्हणाली, "आबा, तुम्हनं तोंड तुम्ही संभाळा. बाई, दारू पाजा नहीतर काय बी पाजा. माले मन्हा मानूस जित्ता जोयजे."

मामांना दारू दिली गेली. मूत्रपिंडं बरेच दिवस रुसून राहिली, डायलिसिस पुन्हापुन्हा करावं लागलं, पण मामा जगले. घरी आले तेव्हा पार वाळले होते.

आबा भेटायला आले ते नारळ घेऊन. पोटात दारू गेलीच आहे, तेव्हा मंडळासमोर शपथ परत घ्यावी, असा ठराव झाला होता. ठराव! माणूस खोलीत तडफडत होता तेव्हा एकालाही जीप आणायचा ठराव सुचला नव्हता.

मामा उशीला टेकून बसले. "शपथ लिसू ना मी, आबा. पन पहिले तुम्ही एक शपथ ल्या. मानूस पडना का पहिले दवाखानामा लई जासूत, मंग इचारसूत काय पिना."

आबांनी नारळ तिथेच ठेवला आणि ते गेले. मामीने त्याची चटणी केली. मंडळाचं नवं पत्रक परवा आलं. मामांनी सांगितलेली शपथ त्यात नाही.