कोपऱ्यातला सबवूफर

हसायचं तर मोकळेपणी हसा, पण आमच्या गल्लीत येऊन हसू नका. शेजारच्या काकींसमोर अजून माझी मान वर होत नाही!

आमचं घर आणि काकींचं घर, मधे एकच भिंत. माझ्याकडे दोन मोठे जुने स्पीकर होते. गाणं, तबला, ढोलक, सगळं त्यातूनच यायचं आणि झकास यायचं. पण मला वाचायची खोड! वाचलं की खरा बेस, म्हणजे तो खालचा घुमणारा आवाज, पाहिजे तर सबवूफर वेगळाच हवा, आणि तो कोपऱ्यात ठेवला की आवाज आणखी भरतो. झालं. आणला, आणि कोपऱ्यात त्या मधल्या भिंतीला चिकटवून ठेवला.

आता गंमत बघा. माझ्या खुर्चीत बेस येईचना! वाढवला. नाही. आणखी वाढवला. तरी नाही!

"कायले एवढी खटपट करून राहिले?" बायको म्हणाली. "जुनेच बरे होते ना!"

"तू थांब गं. अजून थोडा वाढवतो."

तेवढ्यात काकींची सून धावत आली. "भाऊ, लवकर चला! आईच्या छातीत धडधडून राहिलं!"

गाणं बंद करून पळालो. काकी पलंगावर, भिंतीला टेकलेल्या, घामाघूम. त्यांचा मुलगा गावाला गेलेला. मीच ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला. "अम्मा, सब नॉर्मल है."

घरी आल्यावर सून हात जोडून म्हणाली, "भाऊ, तुम्ही होते म्हणून!" मला किती बरं वाटलं म्हणता! त्याच आनंदात येऊन बसलो आणि तेच गाणं पुन्हा लावलं.

"भाऊऽऽ!"

पुन्हा ऑटो, पुन्हा तेच डॉक्टर. या वेळी त्यांच्या कपाळावर आठ्या. "अम्मा, कैसा लगता है, ठीक से बताओ."

"आधी एक मोठा धम," काकी म्हणाल्या, "मंग जरासा थांबते. मंग दोन बारके, धम-धम. अस्सा ताल धरून राहिलं ना बाप्पा!" आणि त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवूनच दाखवलं.

माझ्या गाण्याचा तो ठेका मी झोपेतही ओळखला असता! खुर्चीत न येणारा माझा बेस भिंतीतून थेट काकींच्या पलंगात उतरत होता. खोलीत एखाद्या जागी बेस विरूनच जातो, हे तेवढं मी वाचलं नव्हतं.

डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले. "इनको नागपुर ले जाओ. आज ही." सून रडायला लागली. आता गप्प कसा राहणार, सांगा?

"डॉक्टर, जरा बाहेर येता का?"

"यहीं बोलो."

"ते... काकींचं हृदय नाही. माझा सबवूफर आहे."

कंपाउंडर तोंड दाबून बाहेर पळाला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इतना जोर से? और आपको सुनाई नहीं दिया?"

"नाही ना! म्हणूनच वाढवत होतो."

काकी हळूच उठून बसल्या. "म्हणजे मी इकडं मरून राहिली होती, आन् तू तिकडं गाणे आयकून राहिला होता?"

मी गुपचूप ऑटो बोलावला. सून बसली. काकींना हात द्यायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, "याले घेऊ नको रे. हा जवळ असला का माह्या छातीत धडधडते."

दवाखाना घरापासून बराच लांब आहे. मी चालत आलो.