डोक्यातली पोटदुखी

पोटदुखीवाले एकत्र बसले की किस्से शोधावे लागत नाहीत, ढेकरांसारखे आपोआप येतात! रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या एका दवाखान्यात दर गुरुवारी आमचा ग्रुप भरतो. सगळे वर्षानुवर्षांचे दुखणेकरी आणि सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट आला की लोक पेढे वाटतात, आम्ही रडतो!

*

पहिल्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी समजावलं, "दुखणं अगदी खरं आहे. पण पोटाची तक्रार ऐकून ऐकून तुमचा मेंदूच बदललाय. साध्या गॅसलाही तो आग लागल्यासारखा ओरडतो. त्याला आपण हळूहळू शांत करू."

रेल्वेतून रिटायर झालेले वाघमारे भाऊ खूश! त्यांच्या दुखण्याला घरात 'नाटक' म्हणायचे. बायकोनं एकदा तरी ते खरं मानावं, एवढीच त्यांची इच्छा. घरी पोचताच त्यांनी जाहीर केलं, "ऐकलं का? माह्या मेंदूत बदल झाला हाय!"

वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "मी तं कधीची सांगून राहिली, तुमच्या डोक्यातच हाय म्हणून!"

पुढच्या गुरुवारी भाऊ मॅडमशी भांडायलाच आले.

*

आमच्यात पिंकी सगळ्यात लहान. नोकरी नवा रायपुरात. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. सकाळी बसची वेळ झाली की तिच्या पोटात कळ येते. रविवारीसुद्धा, त्याच वेळेला!

"मॅडम, आज छुट्टी है, ये मेरे पेट को कौन बताए?"

मॅडम म्हणाल्या, "पेट को पता है. दिमाग को बताओ!"

*

आता माझं ऐका. मेंदू सारखा पोटाच्या पहाऱ्यावर, त्यामुळे बाकी सगळं विसरायला होतं. यंदा लग्नाचा वाढदिवसच विसरले. नवरा फुगून बसला, "अभनपूरच्या पंगतीतली कोणती भजी बाधली ते लक्षात आहे, आणि हे नाही?"

म्हटलं, "कसं राहील? लग्नाच्या दिवशी पोट कुठं दुखलं होतं!"

*

मग मॅडमनी घरच्यांना ताकीद दिली, "पोट कसं आहे, हे विचारायचं नाही. विचारलं की मेंदू परत तिकडेच बघतो."

वाघमारे वहिनी म्हणाल्या, "मी कायले विचारू? नाटकाची काय खबर घ्यायची!"

दोनच दिवसांनी भाऊंचा मला फोन. "ताई, विचारत नाही, पण मी जेवाले बसलो का तोंडाकडे टक लावून पाहून राहते. तिच्या पाहण्यानंच दुखते मले!"

*

आणि परवाचा गुरुवार. ज्या पदार्थाची भीती वाटते तो घरून आणून सगळ्यांसमोर खायचा, असं ठरलं होतं. वहिनींनी भाऊंसाठी सांबारवडी आणली. कोथिंबीर ठासून भरलेली, तळलेली, खमंग. दुखणं लागल्यापासून भाऊंनी तिला हात लावला नव्हता.

भाऊंनी डोळे मिटून एक घास घेतला.

"दुखून राहिलं थोडंसं," भाऊ म्हणाले. "पण दुसरी दे."

वहिनींनी दुसरी दिली आणि एक स्वतः उचलली. खाता खाता डोळे पुसत म्हणाल्या, "काय चव हाय! विसरलीच होती मी."

भाऊंचा घास हातातच राहिला. "तू काहून विसरली? तुले कोनं मना केलं होतं?"

"तुमच्यासमोर कशी खाऊ? तुमचं बंद, तं माहंबी बंद."

"अन् मंग नाटक नाटक म्हणत होती ते?"

वहिनींनी डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"गरम हाय तवर खा गुमान!"