न्यायला आल्याशिवाय यायचं नाही

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर बाबूजींनी माझी पेटी डब्यात चढवली आणि स्वतः खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. गाडी सुटायला वेळ होता. मी डोळ्याला पदर लावलेला पाहून शेवटी म्हणाले, "रडून काहून राहिली वं शांते? नागपूर का परमुलूख हाय? आपलीच राजधानी हाय ते." माय स्टेशनवर आलीच नव्हती. तिनं घरच्या दारात माझ्या हातावर दही ठेवलं आणि पाठ फिरवून आत गेली. निघालेल्या माणसाकडे फार वेळ पाहू नये असं ती म्हणायची.

बाबूजी पांढुर्ण्याच्या मराठी शाळेत मास्तर. मुलीनं नर्स व्हावं ही हौस त्यांचीच. आमच्या नातेवाइकांत कोणी तोंड वाकडं केलं तर ते उलट विचारायचे, "तुमी बिमार पडान तवा कोण येईन, शंकराचा नंदी?" मिशनच्या दवाखान्यात शिकवणं चांगलं आहे हे त्यांनीच कुठून तरी शोधून काढलं. पुढं जे झालं त्याचा दोष ते मनातल्या मनात स्वतःलाच देत असणार, असं मला आता वाटतं.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, संत्र्याच्या बागा आणि कपाशी सांभाळत, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पेटी घेऊन निघालात, दोघांनाही हे सांगायचं आहे. राजधानीचं बाबूजींचं म्हणणं तेव्हा अगदी खरं होतं. त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. मी तिथं शिकत असतानाच राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर मुंबईकडे गेलं, पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले, आणि राजधानी झाली भोपाळ. मी जिथल्या तिथंच होते आणि तरी परमुलखात जाऊन पडले होते. बाबूजी सभांना जायचे, अर्जांवर सह्या करायचे, आपण मराठी बोलतो तर मराठीकडेच जाऊ म्हणायचे. ते काही झालं नाही. शाळेत वरून येणारे हुकूम हिंदीत यायला लागले आणि माझे बाबूजी एकदम म्हातारे दिसायला लागले.

माझा गोंधळ मात्र त्याआधीच सुरू झाला होता.

दवाखान्याच्या आवारात एक लहान चॅपेल होतं. मी तिथं पहिल्यांदा गेले ती भक्तीनं नाही, थंडाव्यासाठी. नागपूरचा उन्हाळा, वॉर्डात फिनेलचा वास, आणि चॅपेलची फरशी अशी गार की पाय उचलावेसे वाटू नयेत. मिस्सा, म्हणजे त्यांची पूजा, लॅटिनमध्ये चालायची. एक अक्षर कळत नसे, पण घरच्या सत्यनारायणात तरी मला संस्कृत कुठं कळत होतं? समोर येशूच्या आईची, मारियेची मूर्ती, बाजूला हातात लिलीची फुलं घेतलेला तिचा नवरा योसेफ. मी दोघांना हात जोडायची, जसे रस्त्यानं जाताना मारुतीला जोडतो तसेच. भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या दिवशी घरची फार आठवण आली, तर बागेतल्या मारियेच्या पायाला मी हळदकुंकू लावून आले. मदर म्हणजे मठाच्या प्रमुख, परदेशी बाई. त्यांनी ते पाहिलं. माझी धांदल उडाली. मग वसईकडच्या सिस्टर आग्नेसनी ओल्या फडक्यानं पाय पुसले आणि मला म्हणाल्या, "अगं, तिला आवडलं असेल. पण मदरला नाही आवडलं." हळदच ती, पुरती कुठली निघते! कितीतरी दिवस मारियेच्या अंगठ्यावर पिवळी छटा होती.

याच सिस्टर आग्नेस एका दुपारी वॉर्डात गुडघे टेकून बसल्या होत्या. खाटेवर खेड्यातली एक बाई होती, नातेवाईक सोडून निघून गेलेले, श्वास संपत आलेला. सिस्टरच्या हातात जपमाळ होती. एक मणी, एक प्रार्थना. मी नाडी धरून उभी होते. त्या बाईला यातलं काही समजत नव्हतं, पण तिनं सिस्टरचा पदर धरून ठेवला होता आणि तिचा जीव गेल्यावरही सिस्टर माळ पूर्ण होईपर्यंत उठल्या नाहीत. मला प्रकाशबिकाश काही दिसला नाही. मला एवढंच वाटलं की मरताना माझ्याजवळ असं कोणी बसावं, आणि मीही कोणाजवळ असं बसावं. त्याच संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, मला ही माळ शिकवा.

मग मी शिकत गेले. कात्री हरवली की संत अंतोनीला सांगायचं, आणि ती सापडायचीसुद्धा. घसा दुखणाऱ्यांसाठी एक संत, डोळ्यांसाठी एक. आमच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडेही गोवराची देवी वेगळी आणि विंचवाचा मंत्र वेगळा. अवघड होतं ते निराळंच. सिस्टर म्हणायच्या, मागणं झाल्यावर गप्प बस आणि ऐक. मी गप्प बसायची आणि मला मायच्या बांगड्या ऐकू यायच्या. हे देवाचं की माझ्या मनाचं, हे विचारलं तर सिस्टर हसायच्या.

शिक्षण संपलं, नोकरी तिथंच लागली, आणि मी बाप्तिस्मा घेतला. नाव मिळालं मार्था. प्रभू घरी आल्यावर जी स्वयंपाकघरात राबत राहिली ती मार्था. सिस्टर म्हणाल्या, तुला दुसरं नाव शोभणारच नाही. घरी आधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर झालंच नसतं, म्हणून आधी केलं आणि मग सांगायला गेले.

बाबूजी ओसरीवर बसले होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. चष्मा काढून धोतराला पुसत राहिले आणि म्हणाले, "सरकारनं मले इचारलं नाई, का बा तुले कोठी राहाचं हाय. आता तूनंई नाई इचारलं." एवढंच. मग उठून गेले, आणि मी घरात असेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

माय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हात न थांबवता तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं मनते?"

"मार्था."

तिनं ताटातले तांदूळ हातानं सपाट केले आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. "लिह्य."

मायला वाचता येत नव्हतं. मी बोटानं तांदळात नाव लिहिलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नवं नाव असंच तांदळात लिहितात, हे मला लिहिता लिहिता आठवलं. माय त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "मंग तू सासरी गेली वं बाई."

मी म्हटलं, "माय, लग्न नाही केलं मी. सासर कुठलं?"

"नाव बदललं ना? घर बदललं ना? मंग तेच ते."

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं मला पाटावर बसवलं आणि ओटी भरली. तेच तांदूळ, नारळ, हळकुंड, हिरवा खण. कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी आणून ती थांबली, आणि ते स्वतःच्याच कपाळाला लावून घेतलं. मग दारात उभी राहून म्हणाली, "आता आपल्या पायानं येजो नोको. सासरी गेलेली लेक बोलावल्याबिगर येत नाई. तुहा बाप न्याले येईन, तवाच येजो."

"आणि नाही आले तर?"

"येईन," ती म्हणाली, आणि या वेळीही पाठ फिरवून आत गेली.

मायनं मला घराबाहेर काढलं होतं की माझा मान केला होता? गाडीत बसून मी ओटीतले तांदूळ चाचपत राहिले आणि मला काही कळेना. ती ओटी मी पेटीत ठेवली. त्या तांदळाचं काय करायचं हे ना मायनं सांगितलं होतं, ना सिस्टरांना माहीत होतं.

आता सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. बाबूजी न्यायला आले तर मला माहेर होतं. नाही आले तर नव्हतं.

मी योसेफाला धरलं. घरातला बाप तो, बापाचं दुखणं त्याला कळेल असा माझा हिशेब. नोवेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. नऊ दिवस म्हटल्यावर मी जे जन्मभर पाहिलं तेच केलं. पायातली चप्पल काढली, एका वेळचं जेवण सोडलं आणि नवरात्र बसवावं तशी नोवेनेला बसले. वॉर्डात अनवाणी फिरणारी नर्स पाहून सिस्टर आग्नेसनी डोक्याला हात लावला. "योसेफाला तुझी चप्पल नको आहे, बाई! पायात काचबिच शिरली तर पट्टी कोण बांधणार, तो?" मी चप्पल घातली, पण मनातून खट्टू झाले. काही न सोडता मागायचं कसं, हे मला येतच नव्हतं.

महालक्ष्म्या आल्या आणि गेल्या. कोणी आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. खरं सांगते, मी योसेफावर रुसले. चॅपेलमध्ये त्याच्या बाजूला बसेनाशी झाले. एवढं मागून हा एक शब्द बोलत नाही, असं सिस्टरांना फणकाऱ्यानं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तो कधीच बोलत नाही. सगळ्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एक शब्द नाही. देवदूतानं सांगितलं की उठतो आणि निघतो. बायकोपोराला घेऊन परदेशातसुद्धा गेला, पण बोलला नाही." हे मी घेऊन बसले. न बोलणारा माणूस म्हणजे रागावलेलाच, असं मी इतके दिवस धरून चालले होते. तेव्हापासून मी मागणं कमी केलं आणि नुसतीच त्याच्याजवळ जाऊन बसू लागले.

तिसऱ्या भाद्रपदात एका सकाळी निरोप आला, मदरच्या खोलीत ये. मी गेले तर बाबूजी उभे. स्वच्छ धोतर, काळी टोपी, पायाशी टोपली. टोपलीत भुट्टे आणि वर फडक्यात बांधलेल्या कुरडया. लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जात नाहीत. मदरनी खुर्ची दिली होती, पण ते बसत नव्हते. लेकीच्या सासरी बाप असा पटकन बसत नाही. माझ्याकडे न पाहता त्यांनी मदरना हात जोडले.

"बाईसाहेब, लेकीले न्याले आलो जी. घरी महालक्ष्म्या हायेत. तीन दिवसासाठी पाठवता का?"

मदर गोंधळल्या. सुटीचा अर्ज नर्सनं करायचा असतो, बापानं नाही. त्यांनी सिस्टर आग्नेसकडे पाहिलं. सिस्टर त्यांच्या कानाशी काहीतरी बोलल्या, बराच वेळ बोलल्या. मदर उठून उभ्या राहिल्या, डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "ले जाइए। लेकिन वापस छोड़ने आप खुद आइए।"

"हाव जी," बाबूजी म्हणाले. "रीतच हाय तशी."

मी तिथंच भिंतीला टेकून रडले. कोणाचीही लाज वाटली नाही.

गाडीत काटोल येईपर्यंत ते गप्प. मग खिडकीबाहेर पाहत त्यांनी विचारलं, "मार्था मंजे कोण वं ते?" मी गोष्ट सांगितली, एक बहीण प्रभूच्या पायाशी बसली, दुसरी चुलीपाशी राबत होती आणि कुरकुर करत होती ती. ते जन्मात पहिल्यांदा इतके हसले असतील. "मंग तुही मायच झाली हे तं!" घरी मात्र ते मला शांताच म्हणत राहिले.

घरी पोचल्यावर मायनं सांगितलं की तिनं जामसावळीच्या मारुतीला नवस बोलला होता. तोही याचसाठी, मी योसेफाला जे मागत होते अगदी तेच. "पावला पाह्य," ती म्हणाली. महालक्ष्म्यांपुढे तिनं मला उभं केलं नाही. "तुह्या घरची रीत अलग असन. पाया नोको पडू. आंबील मात्र पी." मी आंबील प्यायले, सोळा भाज्यांच्या पानावर पोटभर जेवले आणि परत आल्यावर फादरांपाशी पापनिवेदन केलं. कोणाचं ऐकलं गेलं फादर, योसेफाचं की मारुतीचं, असंही विचारलं. ते म्हणाले, आईसाठी एक जपमाळ म्हण. ती मी आजतागायत म्हणते आहे. गोंधळ काही गेला नाही. त्याच्यासकट प्रार्थना करता येते, एवढं मात्र मी शिकले.

माय गेली, बाबूजी गेले. त्यांच्यानंतर माझा भाऊ न्यायला यायचा, आता भाऊही थकला. पांढुर्णा तर आता स्वतःच जिल्हा झालं. मी आवारातल्या म्हाताऱ्या नर्सेसच्या घरात राहते आणि मायचे ते तांदूळ केव्हाच मुंग्यांनी नेले. दर भाद्रपदात माझा भाचा मोटार घेऊन येतो, टोपलीभर भुट्टे आणतो. यंदा इथं नव्या सिस्टर आल्या आहेत, केरळच्या, मला नात शोभतील एवढ्या. त्यांच्यापुढे तो चाळिशी ओलांडलेला माणूस हात जोडून उभा राहिला. "आत्याले न्याले आलो जी. तीन दिवसासाठी पाठवता का?"

त्या बिचाऱ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मी पिशवी भरून, काठी घेऊन केव्हाची तयार बसलेली. मला कोण अडवणार?

"हो म्हणा, सिस्टर," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय तो मला नेणार नाही. आणि परत आणून सोडायला त्यालाच सांगा."