मामांच्या फळीवरची मोकळी जागा

विज्ञानकथा वाचणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण त्या वाचायला देण्याआधी पाहुण्याचे हात साबणाने धुवून घेणारा माणूस एकच, आणि तो धुळ्याला देवपुरात राहतो. हे माझ्या बायकोचे मामा. विज्ञानकथांची जुनी मासिकं जमवणं हा त्यांचा नाद. त्यातही आजच्या मोठ्या लेखकांच्या, त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं तेव्हाच्या कथा छापलेले अंक म्हणजे मामांचा जीव की प्राण. भरीत खाऊन कपाटाजवळ गेलं की ते बोटं हुंगून बघतात. "जवाई, लसूणना वास ई ऱ्हायना. परत धुवा."

नात्यात कुणी गेलं की दारावर बसायला मामा सगळ्यांत आधी हजर. लोकांना वाटतं, केवढी माया! मामा मात्र डोळे पुसता पुसता माळ्याकडे बघत असतात. शिंदखेड्याचे आबा गेले तेव्हा त्यांच्या बायकोला, अक्कांना, त्यांनी तिसऱ्याच दिवशी विचारलं, "आबासनी रद्दी कोठे ठेयेल शे?" मामींनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. मागोमाग अक्कांनी पोतंच बाहेर पाठवलं. त्यात एका नामवंत लेखकाची पहिलीवहिली कथा असलेला अंक निघाला. मामा कित्येक वर्षं त्याच्याच मागे होते. त्या दिवशी सुतकाच्या घरासमोर त्यांना हसू आवरेना, म्हणून मामींनी त्यांना पहिल्या रिक्षात कोंबलं.

गेल्या वर्षी तेच लेखक व्याख्यानाला जळगावी आले. मामा सही घ्यायला अंक उशीच्या अभ्र्यात घालून निघाले, मला सोबत घेऊन. लेखक आता चांगलेच थकलेले. त्यांनी अंक उघडला आणि आपल्या कथेच्या पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "माझा अंक घर बदलताना गेला. तेव्हापासून शोधतोय." त्यांची बोटं केळ्याच्या वेफर्सने तेलकट झाली होती, तरी मामा हात धुवा म्हणाले नाहीत. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"झेरॉक्स काढून देऊ की," मी घाईने म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुमनं पहिलं लेकरू शे," अंक त्यांच्याकडेच सरकवत ते लेखकांना म्हणाले, "तुमीच लई जा."

परतताना बसमध्ये मामा पारोळ्यापर्यंत मांडीवरच्या रिकाम्या अभ्र्याची घडी घालत होते आणि मोडत होते. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "सही ऱ्हाई गयी ना, जवाई!" आम्ही इतके हसलो की कंडक्टर वळून बघायला लागला.

परवा मी त्यांच्यासाठी एक जुना अंक नेला आणि फळीवरच्या फटीत सरकवायला गेलो.

"तठे नको," मामा हळूच म्हणाले. "ती त्यानी जागा शे."

मी अंक शेजारी ठेवला. मामांनी त्या मोकळ्या जागेवरून फडकं फिरवलं, तेही आधी हात धुऊन.