दोर नसलेला खजूरवाला

बायकोबरोबर मी शेवटचं काय केलं, तर दुबईच्या पुढे रास अल खैमाकडे मुलगा राहतो त्या गावात खजूरशेतीचं भिंतचित्र बघायला गेलो. शिडीवरचा रंगारी ब्रश दाढीला पुसायचा. त्याने काढलेला माणूस कमरेला दोर न बांधताच खजुरावर चढला होता. हिचा बाप माडावरून पडून मेलेला, म्हणून ही भडकली.

“दोर बांध उसको.”

“अम्मा, तस्वीर में कोई नहीं गिरता. साब ने पास किया, कल सुबह सीढ़ी जाएगी.”

“तेरा बाप चढता तो?”

त्याच संध्याकाळी ती चहा पिता पिता गेली.

सकाळी मुलगा कागदांसाठी धावत होता. मी भिंतीपाशी गेलो. शिडी गाडीत चढवून झाली होती.

“अम्मा?” रंगाऱ्याने विचारलं.

“खलास,” मी म्हणालो.

त्याने शिडी गाडीतून ओढून काढली. दोर रंगवायला तो चढला आणि मी खालून दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली.