दसऱ्याचा झेंडू अन् घाटातली वळणं

ये, अशी जवळ सरक. पुण्यात बसून वाचत असशील, तरी सरक. मामीले दुरून बोलता येत नाही. अन् आधी दोन शब्द ऐकून घे. काहून वं पोरी, तुह्या मामाले फोनवर "ती गाडी विकून टाका" असं सांगायची काय गरज होती? गाडी पाहिली नाही, घाट पाहिला नाही, अन् निकाल देऊन मोकळी! त्यानंतर तुहे मामा घरात असे फिरत होते, जसा त्याइले कोर्टाचा हुकूमच मिळाला.

आता रागावून नाही राहिली. सारं ठीक झालं, म्हणून तर सांगायले बसली.

आमची पोर जनावरांची डॉक्टर. पहिली नेमणूक तिवसा तालुक्यात. अमरावतीत खोली घेतली, अन् शनिवारी अकोल्याले घरी येई. स्वतःच्या पगारातून तिनं ती साडेसहाशे सीसीची गाडी घेतली. उंच, काळी, अन् आवाज असा का जठारपेठेतल्या आमच्या घरी मांडणीवरचे पेले वाजतात. मूर्तिजापूरवरून येणारा रस्ता कसा, तर फुटपट्टी ठेवून आखलेला. वळण म्हणून काही नाहीच. त्या रस्त्यावर तिचं कधी काही बिघडलं नाही.

मग दसरा झाला अन् तिची बदली झाली, चिखलदऱ्याच्या वर. तिथल्या वाड्या-वस्त्यांवर एसटी जात नाही. कुठं गाय अडली, कुठं बकऱ्याइले रोग पडला, का हिनं दुचाकीवरच निघायचं. गाडी नाही तर ते काम नाही, इतकं साधं गणित. ती खूश होती. म्हणे, "आई, इथं लोक माही वाट पाहतात."

अन् मग शनिवारचं येणं बंद झालं.

आधी म्हणे काम आहे. मग म्हणे सर्दी झाली. एका शनिवारी आली ती एसटीनं. मी पोळ्या लाटत होती. ती मागं ओट्याले टेकून उभी राहिली अन् हळूच म्हणे, "आई, मले वळणं जमत नाहीत. सरळ रस्त्यावर चालवली तेच मी चालवणं समजत होती."

मग एकेक सांगत गेली. वळणावर गाडी तिरपी करायले गेलं का ती आधी अडून बसे, अन् मग एकदम आत पडे. बारीक खड्डा आला का मागचं चाक उडे अन् हँडल थरथरे. परतवाड्याच्या वरच्या एका वळणावर गाडी अशीच बाहेर फेकल्या गेली अन् समोरून एसटी! ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, वरून शिव्या घातल्या. "त्याची चूक नव्हती," पोर म्हणे. "आता मी बदली मागते. खालीच बरी."

तव्यावरची पोळी जळली. तुह्या मामाइनं पलीकडच्या खोलीतून सारं ऐकलं. "विका म्हणतो मी! भाचीनं सांगितलं तेच खरं!" पोरीनं वाद घातला नाही, अन् मले तेच जास्त लागलं. जी पोर बापाशी मिठावरून भांडते, ती मान खाली घालून उभी.

मी म्हणलं, "विकायची तर विका. पण आधी एकदा मिस्त्रीभाईले दाखवा."

मिस्त्रीभाई म्हणजे तुह्या मामाचे लहानपणचे दोस्त, गॅरेज घरापासून जवळच. हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालते. पुढच्या शनिवारी पोर जपून जपून गाडी खाली घेऊन आली, अन् आमी तिघंबी गॅरेजवर गेलो. भाईनं हँडल हलवून पाहिलं अन् छाती ठोकून सांगितलं, "कोनसेट गया, और कुछ नाही." म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग. बदललं. पोर गावाबाहेरच्या पुलावर फिरून आली. "थरथर कमी आहे भाईजान, पण अडते अन् पडते तशीच."

भाईचा चेहरा उतरला. मग म्हणे, "बिटिया, बैठ जरा." ती बसली. भाई मागून वाकून पाहे. "भाभी, तुमी बी बसा मागं."

आता या वयात मी त्या घोड्यावर! स्टूल आणला, दोघांनी धरलं, अन् बसली एकदाची. भाई जमिनीवर बसून मागचा शॉकअप पाहतच राहिले. "अरे बाप रे! भाभीका वजन भी इसने मनावर नाही घेतलं!"

"काहो भाई, माह्या वजनाची थट्टा करता का?"

"नाही भाभी. माणूस बसलं का गाडीनं थोडं खाली बसायले पायजे, तवा चाक रस्ता धरते. ही तं हललीच नाही. स्प्रिंग आखरी खाचेवर कसली आहे. किसने किया?"

पोर म्हणे, "मी नाही. शोरूममधून आणली तवा मधल्या खाचेवर होती. मी हात लावला नाही."

तेवढ्यात तुहे मामा म्हणाले, "चहा सांगू का सगळ्याइले?"

चाळीस वर्षांचा संसार आहे माहा. हा माणूस न मागता चहा कवा सांगते, ते मले माहीत आहे. "काय वो," मी म्हणलं, "काय केलं?"

मग निघालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या शेतातला झेंडू नेणारा टेम्पो शेतातच बंद पडला होता. झेंडू तोडून पडलेला, अन् बाजार तर त्याच दिवशीचा. पोर घरी झोपलेली. मामानं तिची गाडी नेली. दोहीकडून बोचके बांधले, वर एक ठेवलं, तं गाडी मागून बसली अन् फुलं चाकाले घासू लागली. म्हणून पाना घेऊन स्प्रिंग कसली पार शेवटपर्यंत, अन् टायरात हवा भरली दगडावानी. हे आमच्याकडले सारेच फुलवाले करतात. झेंडू विकला गेला, स्प्रिंग तशीच राहिली.

पोर गाडीवरून उतरली. मले वाटलं आता कडाडते. ती हसायले लागली, अन् हसता हसता डोळ्याले पाणी. "म्हणजे बाबा, इतके दिवस मी झेंडूच्या बोचक्याइसाठी कसलेली गाडी घाटात चालवून राहिली? अन् मले वाटे मीच..."

तुह्या मामाइनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भाईनं मग हवा कंपनीनं सांगितली तेवढी केली. मागचं टायर हातानं चाचपलं, तं मधात सपाट. सरळ रस्त्यावर चालून चालून पाटासारखं झालेलं, ते वळेल कसं? म्हणून आधी अडे अन् मग पडे. नवीन गोल टायर टाकलं. औषधाची जड पेटी शेपटीवर उंच होती, ती काढून दोहीकडं खाली थैल्या लावल्या. अन् हेल्मेट, औषधं, सगळ्यासकट पोरीले बसवून स्प्रिंग तिच्या वजनाची लावली.

रविवारी सकाळी ती पुढं निघाली अन् आमी दोघं मागं कारनं. परतवाडा सोडलं अन् घाट लागला. तुह्या मामाइनं स्टीअरिंग असं धरलेलं, जसं ते कोणी हिसकावून नेते. तिनं ज्याचं सांगितलं होतं ते वळण आलं. वळणाच्या आधीच तिनं वेग कमी केला, मान फिरवून पार पलीकडं नजर टाकली, अन् गाडी अलगद कलली. ना अडली, ना पडली. खडबडीत रस्त्यावरून चाक चिकटून गेलं, अन् पोर वळणातून बाहेर निघून पुढं सरळ झाली. पुढचं वळण तसंच. त्याच्या पुढचंही.

तुह्या मामाइनं कार बाजूले लावली. म्हणे, "दोन मिनिटं थांबू." खाली उतरून दरीकडं तोंड करून उभे राहिले. मीबी गेली नाही जवळ. माहं मी कारमध्येच पदरानं तोंड पुसलं.

वर पोचलो तं पोर चहाच्या टपरीवर आमची वाट पाहत बसलेली. "किती उशीर! बाबा, आता मी पाहते तिकडं गाडी जाते."

"मग पुढच्या दसऱ्याले बोचके..."

"बाबा!"

बदलीचा अर्ज तिनं दिला नाही. शनिवारी संध्याकाळी गल्लीत आवाज येते, मांडणीवरचे पेले वाजतात, अन् मी भाकरी तव्यावर टाकते. रात्री आता झोप लागते बाई, अशी का सकाळी तुहे मामा हाका मारून उठवतात.

तुरीच्या शेंगा आल्या आहेत. दाणे सोलून सोले-वांग्याची भाजी करीन, तिखट तुह्या बेतानं घालीन. एखादा शनिवार काढ अन् ये, उगाच उन्हाळ्यावर ढकलू नको. तुही मामेबहीण घ्यायले स्टेशनवर येते म्हणते.